मोकळे गिऱ्हाईक

१८७५ हे साल वसंत व्याख्यानमालांच्या श्रोत्यांना परिचयाचे आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली ती त्या वर्षी. परंतु त्याच वर्षीची आणखी एक घटना आम्हां दुकानदारांनी विसरू नये अशी आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातीलच सुपे या बाजारगावी आसपासच्या खेड्यांतील शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या दुकानांवर व घरांवर हल्ला केला. दुकाने लुटली गेली. पण लोकांचा मुख्य रोख मालावर नव्हता, तो कर्जरोख्यांवर आणि वह्यांवर होता. रोखे हाती आले की जाळायचे, असा प्रकार पुढे पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावी घडला. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना थोडाफार दिलासा देणारा कायदा झाला. इतिहासात हे प्रकरण 'दख्खनचे दंगे' म्हणून नोंदले गेले आहे.

या दंग्यांची कारणे सांगताना इतिहासकार अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात आपल्या कापसाला आलेली तेजी, १८६५ नंतर कोसळलेले भाव आणि वाढीव शेतसारा यांचा उल्लेख करतात, आणि तो यथार्थच आहे. आम्ही त्या विषयाचे अधिकारी नव्हे. दुकानदार म्हणून आम्हांला त्यातली एकच गोष्ट खुपते. गावचा सावकार हा बहुधा गावचा दुकानदारही असे. तोच मीठ, कापड, बियाणे उधार देई आणि सुगीत तोच माल उचली. त्याचे कूळ वर्षानुवर्षे त्याच्याच ओट्यावर येई, दुसरीकडे पाऊल टाकीत नसे. विक्रीकलेच्या पुस्तकांतून 'गिऱ्हाईक टिकवणे' म्हणून जे ध्येय सांगितले जाते, त्या मापाने मोजले तर या दुकानदारांइतके यश क्वचितच कोणाला लाभले असेल. आणि त्याच टिकलेल्या गिऱ्हाइकांनी संधी मिळताच त्यांच्या वह्यांची होळी केली!

तेव्हा केवळ 'गिऱ्हाईक येते' एवढ्यावर समाधान मानण्यात अर्थ नाही. ते का येते, हा प्रश्न विचारला पाहिजे. येण्यावाचून गत्यंतर नाही म्हणून, की यावेसे वाटते म्हणून? रोजच्या गल्ल्यात हा फरक दिसत नाही. दोघांचाही रुपया सोळा आण्यांचाच असतो. परंतु धंद्याचे आयुष्य, आणि आमच्या मते धंदा करणाऱ्या माणसाची वाढही, या एका फरकावर अवलंबून आहे. या लेखात आम्हांला सांगायचे आहे ते एवढेच: जे गिऱ्हाईक दुसरीकडे जाण्यास मोकळे असते आणि तरीही आपल्याकडे येते, तेच आपले. बाकीची सगळी केवळ अडकलेली असतात.

आमचे दुकान किराणा-भुसाराचे, तालुक्याच्या गावचे. वडिलांनी ते मांडले, आम्ही चालवतो. मोठ्या उद्योगांच्या यशाच्या कथा वाचकांना पुष्कळ वाचायला मिळतात. लहान दुकानदाराने आपल्या धंद्याविषयी चार शब्द लिहावेत असे मात्र फारसे घडत नाही. तागडीमागे बसलेल्या माणसालाही काही विचार सुचत असतात, त्यांतले काही येथे मांडतो.

गिऱ्हाईक बांधण्याचे जुने साधन म्हणजे उधारी. उधारी मुळातच वाईट, असे आम्ही म्हणणार नाही. पगार सात तारखेला व्हायचा आणि घरातले पीठ दोन तारखेला संपायचे, ही अडचण खरी असते. उसाचे बिल कारखान्याकडून येईपर्यंत शेतकऱ्याच्या घरची चूल थांबत नाही. अशा वेळी दुकानदाराने चार दिवस थांबणे हा शेजारधर्म होय. परंतु त्याच उधारीचा दोर करता येतो. बाकी मुद्दाम पुरती फिटू द्यायची नाही. उधारीवाल्याला भाव दोन रुपये चढा लावायचा. माल हलका निघाला तरी त्याला बोलायला तोंड उरू द्यायचे नाही. असे गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानावरून जाताना मान खाली घालून जाते, आणि आपल्या दुकानात येताना मनात शिव्या घालीत येते.

हे आम्ही दुसऱ्या बाजूनेही पाहिले आहे, कारण दुकानदार हा स्वतःही कोणाचे तरी गिऱ्हाईक असतोच. वडिलांच्या वेळी एक घाऊक पेढी त्यांना दीड महिन्याच्या उधारीवर माल देत असे. ही सवलत मोठी वाटे. पण तूरडाळीत कीड निघाली, पोत्यात घट निघाली, तरी तोच माल मुकाट्याने उचलावा लागे. कारण खाते त्या पेढीचे होते. वडिलांनी दोन हंगामांत पोटाला चिमटा घेऊन ती बाकी फेडली आणि पुढे रोखीने माल घेऊ लागले. आश्चर्य असे, की रोखीने घेऊ लागताच त्याच पेढीवर त्यांना पोती फोडून नमुना पाहायला मिळू लागला. मोकळ्या गिऱ्हाइकाला काय मान असतो, हे त्यांना तेथे कळले, आणि तोच मान आपल्या ओट्यावर येणाऱ्याला द्यायचा हेही त्यांनी तेथेच ठरवले.

त्यातून आमच्या दुकानात उधारीचे काही नियम पडले. उधारीची वही दोन प्रतींत ठेवायची, एक आमच्याकडे आणि एक गिऱ्हाइकाच्या हाती. रोखीचा आणि उधारीचा भाव एकच. बाकी चारचौघांत बोलून दाखवायची नाही. आणि सर्वांत अवघड नियम हा, की उधारीवाले गिऱ्हाईक रोख पैसे देऊन दुसऱ्या दुकानातून साखर नेताना दिसले तरी कपाळाला आठी पडू द्यायची नाही. या चौथ्या नियमाला पैसा लागत नाही, पण तो पाळायला वर्षे लागतात.

दुकानाने माणसे बांधण्याचा हा प्रकार काही आपल्याच देशात होता असे नाही. इंग्लंडात कारखानदार मजुरांना मजुरीऐवजी आपल्याच दुकानाच्या चिठ्ठ्या देत. तेथे पिठात खडूची भुकटी मिसळलेली असली तरी मजुराला ते घ्यावे लागे. हा प्रकार बंद करण्यासाठी १८३१ साली तेथे कायदा करावा लागला. पुढे १८४४ च्या डिसेंबरात मँचेस्टरजवळच्या रॉचडेल गावी विणकर आणि इतर कारागिरांनी स्वतःचे दुकान उघडले. सभासद २८ आणि भांडवल २८ पौंड. माल म्हणाल तर लोणी, साखर, कणीक, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या. नियम मात्र पक्के होते: माल शुद्ध, माप पुरे, व्यवहार रोखीचा, आणि जो नफा होईल तो ज्याने जेवढी खरेदी केली त्या प्रमाणात वाटायचा. जगातील सहकारी दुकानांची चळवळ येथून वाढली.

आज मोठी दुकाने गिऱ्हाइकाच्या नावावर गुण जमा करतात आणि पुढील खरेदीत सूट देतात. ही कल्पना वरवर रॉचडेलच्या वाटपासारखी दिसते, पण दोहोंत अंतर आहे. रॉचडेलच्या विणकराला परत मिळे तो त्याचाच पैसा होता आणि दुकानाच्या कारभारात त्याला मत होते. गुणांच्या योजनेत गिऱ्हाइकाला मिळते ते आमिष. आमिष हे बांधण्याचे दुसरे साधन. ते उधारीइतके क्रूर नाही, हे कबूल. पण त्याचा स्वभाव असा, की ते संपले म्हणजे गिऱ्हाईकही संपते. पाच रुपये स्वस्त म्हणून जो आला तो सहा रुपये स्वस्त मिळताच दुसरीकडे जाणार. त्याला कृतघ्न म्हणता येणार नाही. आपणच त्याला तो धडा शिकवलेला असतो.

तिसरे साधन म्हणजे टंचाई. बाजारात माल नसला की दुकानदार राजा होतो, आणि राजा झाला की त्याची बुद्धी फिरते. महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात हे भोगले. तेल, साखर, रॉकेल यांसाठी रांगा लागल्या, भाव भडकले, साठेबाजीची चर्चा घरोघर झाली. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम उभे केले आणि १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी गट करायचा, महिन्याची यादी एकत्र करायची, घाऊक माल आणायचा आणि आपापसांत वाटून घ्यायचा, ही त्यांची पद्धत. दुकानदाराला वगळून संसार चालवता येतो, हे त्या गृहिणींनी सप्रमाण दाखवले. १९८६ साली ग्राहक संरक्षणाचा कायदा झाला. त्याची जागा पुढे २०१९ च्या नव्या कायद्याने घेतली.

आमच्या व्यवसायबंधूंपैकी काहींना या साऱ्या चळवळी दुकानदाराच्या मुळावर उठलेल्या वाटल्या. आम्हांला तसे वाटत नाही. सुप्याला रोखे जाळले गेले, रॉचडेलला वेगळे दुकान उघडले गेले आणि मुंबईत गृहिणींनी तागडी स्वतःच्या हाती घेतली. तिन्ही ठिकाणी अडकलेल्या गिऱ्हाइकाने स्वतःला मोकळे करून घेतले, इतकाच याचा अर्थ. आपण आधीच त्याला मोकळे ठेवले असते तर ही वेळ आली नसती.

येथे एक शंका सहज येईल. गिऱ्हाइकाला उधारीने बांधायचे नाही, आमिषाने ओढायचे नाही, अडवायचेही नाही. मग ते यावे तरी कशाच्या बळावर? याचे उत्तर साधे आहे: मापाच्या, माहितीच्या आणि शब्दाच्या बळावर. या तिन्हींचा थोडा तपशील देणे अवश्य आहे.

प्रथम माप. आमच्या वडिलांच्या पिढीने मापाची मोठी परीक्षा दिली. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि रुपयाचे चौसष्ट पैसे जाऊन शंभर नवे पैसे झाले. एका आण्याचे हिशेबाने सव्वासहा नवे पैसे होतात. पण पाव पैशाचे नाणे तर नव्हते. सरकारी कोष्टकाप्रमाणे एका आण्याला सहा, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस आणि चार आण्यांना पंचवीस असा हिशेब ठरला. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने वजनेही बदलली. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. तेव्हा शेराचा भाव एक रुपया असेल तर किलोचा भाव एक रुपया सात पैसे व्हायला हवा. बाजारात आलेल्या निरक्षर म्हातारीला हे गणित यावे कसे? किलोला सव्वा रुपया सांगितला असता तरी तिने तो दिला असता. अशा संधिकाळात दुकानदाराला कोणी पाहत नसते, आणि म्हणूनच त्याची पारख होते. वडिलांनी कोष्टक मोठ्या अक्षरांत लिहून दुकानाच्या दारावर लावले आणि ज्याला वाचता येत नसे त्याला तोंडी समजावले. त्या काळी जोडलेली घरे आमच्याकडे आजही येतात. त्यांतल्या कित्येक घरांची आता तिसरी पिढी आहे.

आज तागडी जाऊन विजेचा काटा आला आहे. दर बारा महिन्यांनी तो वैधमापन खात्याकडून तपासून त्यावर मुद्रा करून घ्यावी लागते. परंतु काटा खरा असला तरी माप खरे असेलच असे नाही. रिकामा डबा ठेवून काटा शून्यावर आणला की नाही, काट्याचा आकडा गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर आहे की नाही, जाड पुठ्ठ्याचा खोका बदामाच्या भावाने विकला जातो की काय, हे माणसावरच अवलंबून असते. जुन्या तागडीची परीक्षा पारडी अदलून होत असे. वजन डावीकडचे उजवीकडे आणि माल उजवीकडचा डावीकडे केला, आणि दांडी सरळ राहिली नाही, तर खोट कळे. दुकानदाराने स्वतःची परीक्षाही याच रीतीने घ्यावी, असे आम्हांला वाटते. क्षणभर ओट्याच्या पलीकडे उभे राहून पाहावे, दांडी सरळ राहते का!

व्यवहारी वाचकांसाठी हिशेबही मांडून दाखवतो. समजा, एक कुटुंब महिन्याला चार हजार रुपयांचा किराणा नेते. वर्षाचे अठ्ठेचाळीस हजार, दहा वर्षांचे चार लाख ऐंशी हजार. शेकडा आठ रुपये सुटतात असे धरले, तर ३८,४०० रुपये झाले. आता तेच कुटुंब महिन्याला दोन किलो तूरडाळ नेते, भाव दीडशे रुपये, आणि दुकानदार दर किलोमागे वीस ग्रॅम कमी तोलतो. त्याला किलोमागे तीन रुपये, महिन्याला सहा आणि दहा वर्षांत ७२० रुपये मिळतील. म्हणजे ७२० रुपयांसाठी तो ३८,४०० रुपये पणाला लावतो. वर्षाचे खाते पाहणारा हे करणार नाही, दिवसाचा गल्ला पाहणारा करील. आमच्या मते धंद्यातल्या बहुतेक लबाड्या दुष्टपणापेक्षा आखूड नजरेतून जन्मतात.

दुसरे बळ माहितीचे. दुकानदार हा केवळ माल इकडून तिकडे करणारा हमाल नव्हे. जे त्याला माहीत आहे आणि गिऱ्हाइकाला नाही, ते सांगणे हा त्याच्या विक्रीचाच भाग आहे. नवा तांदूळ शिजताना पाणी कमी पितो आणि गिच्च होतो, जुना फुलतो व मोकळा होतो. तेव्हा नवा तांदूळ देताना 'पाणी बेताने घाला' एवढे सांगायला काय लागते? इंद्रायणी जुना असला तरी चिकटच राहणार, तो त्याचा गुण आहे. पुलावासाठी तो नेऊ पाहणाऱ्याला थांबवावे. पिवळाधमक गूळ पाहून गिऱ्हाईक खूश होते. पण तो रंग पुष्कळदा रसायनाने आणलेला असतो आणि काळपट गूळ खायला बरा असतो, हे सांगितले तर पहिल्या दिवशी ते नाक मुरडील, दुसऱ्या महिन्यात स्वतःच काळा गूळ मागेल. या माहितीने गिऱ्हाईक शहाणे होते. शहाणे झालेले गिऱ्हाईक आपल्यालाच प्रश्न विचारू लागते, हा त्यातला धोका. आम्ही तो धोका पत्करण्याजोगा मानतो.

जाहिरातीविषयीचे आमचे मतही येथेच सांगून टाकतो. जाहिरात म्हणजे खोटेपणा, असा एक समज आहे. तो खरा नाही. १९०३ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन बिघडते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि सुरुवातीला नांगराला गिऱ्हाईक मिळेना. उत्तम वस्तूलाही लोकांपर्यंत जाण्यासाठी वाट करावी लागते, ती अशी. पुढे १९२० साली किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' निघू लागली. कारखान्याची माहिती देणारे ते लहानसे पत्र शं. वा. किर्लोस्करांच्या संपादनाखाली महाराष्ट्राने आवडीने वाचावे असे मासिक झाले. लोकांनी ते वाचले, कारण त्यात वाचण्यासारखे काही होते. दुसरे उदाहरण केशव विष्णु पेंढरकरांचे. १९५२ साली मुंबईत परळ भागात त्यांनी आयुर्वेदिक दंतमंजनाचा धंदा आरंभला, तो लहानशा जागेत. आणि घरोघर जाऊन माल विकला. त्या धंद्याची 'विको' हीच पुढे घराघरांत माहीत झालेली कंपनी.

जाहिरात गिऱ्हाइकाला एकदाच आपल्या पायरीपर्यंत आणते. दुसऱ्यांदा त्याला माल आणतो, आणि तिसऱ्यांदा दुकानदाराचा स्वभाव. म्हणून जाहिरातीत तेवढेच बोलावे जेवढे माल निभावून नेईल. आम्ही दिवाळीत पाटी लावतो ती 'सर्वांत स्वस्त' अशी नव्हे, कारण आम्ही सर्वांत स्वस्त नाही. 'भाजणीचे सामान निवडून मिळेल' अशी लावतो, कारण निवडायला दोन बाया खरोखरच बसवलेल्या असतात. पाटी लहान, पण तिच्यामागे माणसे आहेत.

तिसरे बळ शब्दाचे. 'गुरुवारी नवी ज्वारी येईल' म्हटले आणि गुरुवारी ती आली नाही, तर गिऱ्हाइकाचा हेलपाटा फुकट जातो. त्या हेलपाट्याची किंमत कोणत्याच वहीत नसते. यास्तव खात्री नसेल तर 'सांगता येत नाही' म्हणावे. 'आज चांगला गूळ नाही, देणार नाही' हे वाक्य उच्चारायला नव्या दुकानदाराची जीभ रेटत नाही. पण हे एक वाक्य दहा पाट्यांचे काम करते, कारण त्यानंतर ज्या दिवशी आपण 'चांगला आहे' म्हणतो, त्या दिवशी ते खरे मानले जाते.

कोणी म्हणेल, हे सारे खरे असले तरी लबाडी करून मोठे झालेले दुकानदार आम्ही डोळ्यांनी पाहतो, त्यांचे काय? आम्हीही पाहतो. जेथे गावात एकच दुकान होते, जेथे टंचाई होती, जेथे गिऱ्हाईक अडाणी ठेवले गेले होते, तेथे ते मोठे झाले. लबाडीला बंद खोलीची हवा मानवते. आता खोलीची दारे उघडली आहेत. पाकिटावर कमाल किंमत छापलेली असते. भाव हातातल्या फोनवर दिसतो. शहरांत काही मिनिटांत किराणा घरपोच आणून देणाऱ्या कंपन्या उभ्या आहेत, आणि त्या आज ना उद्या तालुक्याच्या गावीही येणार. गिऱ्हाईक इतके मोकळे पूर्वी कधीच नव्हते.

लहान दुकानदाराच्या पोटात यामुळे गोळा येतो, हे आम्ही लपवीत नाही. मोठ्या भांडवलापुढे भावात आमचा टिकाव लागणे कठीण आहे, आणि काही दुकाने बंद पडतील, पडत आहेत. त्यांतली सगळीच वाईट होती असे नाही. चांगुलपणा हा टिकण्याचा विमा नव्हे. तसे सांगणारा श्रोत्यांना फसवतो. परंतु २०२० च्या मार्चमध्ये सारे व्यवहार थांबले, तेव्हा गल्लीतले दुकानच अर्धे दार उघडे ठेवून उभे होते. कोणत्या घरात एकटे म्हातारे जोडपे आहे, कोणाला मधुमेह म्हणून गुळाऐवजी काय द्यायचे, कोणाचा मुलगा परगावी अडकला आहे, हे त्या दुकानदाराला ठाऊक होते. ही ओळख हेच आमचे भांडवल. ते अन्य कोणाला एका रात्रीत विकत घेता येणार नाही. पण आम्हीच ते उधळून टाकले तर मात्र गेले.

आता शेवटचा मुद्दा, माणसाच्या वाढीचा. धंदा वाढवणे म्हणजे दुकानाचे गाळे वाढवणे, असे आपण समजतो. आमचा अनुभव असा, की गाळा एकच राहिला तरी त्यात बसणारा वाढू शकतो, आणि त्याला वाढवणारे गिऱ्हाईक मोकळेच असावे लागते. अडकलेले गिऱ्हाईक तक्रार करीत नाही, म्हणून त्याचा दुकानदार काही शिकत नाही. तो सुस्त होतो, मग उद्धट होतो. मोकळे गिऱ्हाईक रव्यात अळी निघाली म्हणून पुडी परत घेऊन येते. ते दुसरीकडे जाऊ शकत होते, तरी आपल्याला सांगायला आले, यापरता विश्वास कोणता? तक्रार घेऊन येणाऱ्यापेक्षा काही न बोलता निघून जाणाऱ्याचे भय अधिक.

ही तक्रार ऐकून घेता घेता माणूस हळूहळू बदलतो. आधी राग आवरायला शिकतो, मग ऐकायला, मग स्वतः पोती उघडून पाहायला. हिशेबाचेही तसेच. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, त्याच सुमारास मोबाइलवरून पैसे घेण्याची पद्धत रुळली. साठीतल्या दुकानदारांना ते नातवंडांकडून शिकून घ्यावे लागले. कित्येकांनी नाके मुरडली. पण ज्यांनी शिकून घेतले त्यांच्या लक्षात आले, की बिल चोख ठेवण्याची शिस्त कराइतकीच मनालाही लागते. ज्या वहीत लपवण्यासारखे काही नाही, ती कोणालाही दाखवता येते आणि रात्री झोप लागते.

नव्या दुकानदार तरुणांना आमचे सांगणे इतकेच आहे. दिवसाची विक्री किती झाली हे रोज मोजा, ते आवश्यकच आहे. पण महिन्यातून एकदा वही पुढे घेऊन दुसरेही मोजा: यांतली किती माणसे आज दुसरीकडे जाऊ शकली असती, आणि तरी आली? तो आकडा लहान असेल. सुरुवातीला फारच लहान असेल. तोच तुमचा खरा धंदा. तो दहाचा पंधरा झाला, तर दुकानही वाढले आणि तुम्हीही वाढलात असे खुशाल समजा.